पक्कडकाकांच्या तीन तारा

पक्कडकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीकडे बघायचे, माणसांकडे नंतर. चपला काढता काढता त्यांची नजर दाराच्या चौकटीवरून छताकडे, छतावरून कोपऱ्यात आणि कोपऱ्यातून खाली बटणापर्यंत जाऊन यायची. मग नमस्कार. आमच्या बदलापूरच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आई चहाचा कप घेऊन समोर उभी, आणि हे टीव्हीच्या मागे वाकून म्हणतात, "वहिनी, ही वायर कुणी ओढली? माणसाला फार घाई होती." वायर माझ्या वडिलांनी ओढली होती. त्यांना खरंच घाई होती, त्या दिवशी मॅच होती.

काकांचं खरं नाव वेगळं होतं, पण ते त्यांच्या बिलबुकाशिवाय कुठे दिसायचं नाही. पँटच्या मागच्या खिशात पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली पक्कड असायची, नेटच्या तारेच्या टोकाला प्लास्टिकचा पारदर्शक खडा दाबून बसवायची. तिच्या मुठीवरचं रबर झिजून गेलं होतं, त्यावर त्यांनी सायकलची ट्यूब चढवली होती. ती पक्कड कुणी मागितली की म्हणायचे, "दात घासायचा ब्रश आणि पक्कड मागायची नसते." आणि खरंच कुणाला देत नसत. अंबरनाथला त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहाराचं सगळं वायरिंग त्यांनी एकट्याने केलं होतं, तिथे मदतीला आलेल्या सख्ख्या पुतण्यालाही त्यांनी ती हातात धरू दिली नव्हती.

हे सगळं आज लिहायला बसले ते प्रेमाने नाही, रागाने. परवा बदलापुरातच एका लग्नाला गेले होते. जेवायला शेजारी एक गृहस्थ बसले, आमच्या औद्योगिक वसाहतीत केबल टाकायचे ठेके घेणारे. ओळख निघाली, जुन्या माणसांची नावं निघाली, आणि मी पक्कडकाकांचं नाव काढलं. तर हा माणूस जिलबी मोडत म्हणतो, "पक्कडकाका ना? माणूस चांगला हो, पण काम कच्चं. मोरिवलीच्या त्या बाटल्यांच्या कंपनीत तीन तारा फेल गेल्या त्यांच्या. नवीन टाकायला लागल्या." पंधरा-सोळा वर्षं झाली त्या गोष्टीला. काकांना जाऊन सहा. आणि अजून लोक हेच बोलतायत! मी हातातला घास परत ताटात ठेवला. कारण त्या तीन तारांना काहीही झालेलं नव्हतं, आणि हे माझ्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाच माहीत नाही.

ती कंपनी औषधांच्या काचेच्या बाटल्या करायची. मी तिथे कॉम्प्युटर विभागात लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक काचेच्या दाराचं कपाट. त्या कपाटाला रॅक म्हणायचे. सगळ्या तारा फिरून फिरून त्याच्या शेजारी भिंतीवरच्या पट्टीत यायच्या, आणि तिथून छोट्या हिरव्या तारा रॅकमधल्या स्विचच्या भोकांत शिरायच्या. रॅकची किल्ली एकट्या माझ्याकडे. साहेब उल्हासनगरच्या ऑफिसात बसायचे आणि आठवड्यातून दोनदा मोरिवलीला येऊन ओरडायचे. मी सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होते. घरी वडिलांची कंपनी नुकतीच बंद पडली होती, त्यामुळे मला ती नोकरी टिकवायचीच होती. हे कारण म्हणून सांगत नाही. होतं तसं सांगतेय.

गोडाऊनच्या छताला वाय-फायचे बारा पांढरे डबे लावले होते. खाली माणसं बारकोडची पिस्तुलं घेऊन खोके मोजत फिरायची, त्या पिस्तुलांसाठी हे डबे. प्रत्येक डब्याला काकांनी रॅकपासून स्वतंत्र तार ओढली होती, आणि बाराही डब्यांचा कारभार उल्हासनगरच्या एका मशीनवरून चालायचा. त्याला कंट्रोलर म्हणायचे. त्याचा पडदा माझ्या कॉम्प्युटरवर दिसायचा, सगळं ठीक असलं की बारा हिरवे ठिपके.

काकांनी प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावली होती. इतर ठेकेदार नंबर घालायचे. काका दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी कापून तिच्यावर मराठीत लिहायचे: 'काट्याजवळ', 'दोन नंबरचं दार', 'शंकरच्या डोक्यावर'. शंकर त्या डब्याखाली स्टूल टाकून बसायचा. मी हसले तर म्हणाले, "हस. नंबर विसरतो माणूस. शंकरला कोण विसरेल?" शंकर पुढे निवृत्त झाला, स्टूलही गेलं, पण तो डबा शेवटपर्यंत सगळ्यांच्या तोंडी शंकरच्या डोक्यावरचाच राहिला.

मी लागल्याच्या दुसऱ्याच महिन्यात एका ठिपक्याच्या जागी पिवळा त्रिकोण आला, बाजूला लिहिलेलं 'मेश'. मला त्यातलं ओ की ठो कळेना. साहेबांना फोन केला तर म्हणाले, "चालतंय ना? मग सोड ना यार." काकांना 'चालतंय ना' हे शब्द शिवीसारखे लागायचे. त्यांनी मला डब्याखाली नेलं आणि वर बोट दाखवून सांगितलं, "पोरी, हा डबा तारेवरचा. याला मी स्वतःची वाट दिलीय. तिच्यात बिघाड झाला की हा मुकाट्याने बंद पडत नाही, शेजारच्या डब्याला हवेतून हात करतो, त्याच्या वाटेने आपलं काम ढकलतो. त्याला म्हणायचं मेश. म्हणून काम चालतं. पण तारेवरचा डबा शेजाऱ्याकडून जेवतोय याचा अर्थ त्याच्या घरी चूल पेटलेली नाही. आधी जाऊन चूल बघायची." मग शिडी लावली आणि अर्ध्या तासात सापडलं, मालाच्या ट्रॉलीने कोपऱ्यावर तार चेमटली होती. त्यांनी ती बदलली, त्रिकोण गेला. त्या दिवसापासून पिवळा त्रिकोण दिसला की मी 'चूल' म्हणायची आणि ते शिडी उचलायचे.

आता ती गोष्ट. खंडेनवमीला आमच्या कंपनीत प्रत्येक मशीन धुऊन पुसून त्याला हार घालायचे, कुंकू लावायचे. माझं मशीन म्हणजे रॅक. मी नवी साडी नेसून गेले होते. रॅकमध्ये वर्षाची धूळ, आणि स्विचच्या तोंडावर छोट्या हिरव्या तारांचं जंगल. फडकं आत जाईना. म्हणून मी तीन हिरव्या तारा काढल्या, पुसलं, कुंकवाची बोटं ओढली, आणि तेवढ्यात बाहेरून आरतीला हाका आल्या. मी घाईघाईत तिन्ही तारा परत खुपसल्या. हिरवे दिवे लागले. मी दार लावलं, हार अडकवला आणि टाळ्या वाजवायला पळाले.

तारा मी खालच्या रांगेत खुपसल्या होत्या. वरची रांग डब्यांची, खालची टेलिफोनची. डब्यांना वीज तारेतूनच मिळते, आणि ती दोन्ही रांगांत असते, म्हणून डबे बंद पडले नाहीत. पण खालच्या रांगेतून कंट्रोलरकडे जायची वाटच नव्हती. तिन्ही डब्यांनी शेजाऱ्यांना हात केला, आणि दसऱ्यानंतर कामावर येऊन बघते तर तीन पिवळे त्रिकोण. मला चुकूनसुद्धा रॅक आठवला नाही. पूजा केलेल्या वस्तूत बिघाड असेल असं डोक्यातच येत नाही ना!

त्याच दिवशी साहेब आलेले. त्यांनी कंट्रोलर विकणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडचा माणूस इंग्रजीत म्हणाला की डबे तारेवरचे असतील तर मेश बंदच करून टाका, वॉर्निंग येणार नाही. वा रे शहाणा! घरात धूर झाला म्हणून खिडकीला पडदा लावायचा. पण तो तरी काय, तिकडे हजार कोसांवर बसून बोलत होता. साहेब मात्र खूश. मला म्हणाले, "सुन, सगळ्या डब्यांचं मेश ऑफ कर." मी एवढं तरी केलं, म्हटलं, आधी काकांना बोलवू.

काका आले. एका एका डब्याची तार काढून तिला आपलं तपासायचं यंत्र लावलं, वरचं टोक डब्यापाशी, खालचं भिंतीवरच्या पट्टीपाशी. तारेतल्या आठ धाग्यांचे आठही दिवे ओळीने लागले, तिन्ही तारांना. मग ते रॅकसमोर येऊन उभे राहिले. काचेवर अजून सुकलेला हार लटकत होता. त्यांनी तो बोटाने जरा बाजूला केला, आत बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिले.

"साहेब, तारा ठणठणीत आहेत," ते म्हणाले. "रॅक उघडा. पुसताना कुणीतरी तारा काढल्यात, त्या परत कुठे लावल्या ते बघू."

साहेबांना ते झोंबलं. "म्हणजे आमच्या पूजेने नेट बिघडलं? तुम्हाला आमच्या पूजेचीच अडचण दिसते काका."

त्यातला 'आमच्या' आणि 'तुम्हाला' मला आजही ऐकू येतो. काका विहार बांधणाऱ्या वस्तीतले, हे साहेबांना चांगलं माहीत होतं, आणि नेमकं तेच त्यांनी काढलं. हलकट माणूस! तारेचा प्रश्न विचारला की जातीचं उत्तर द्यायचं.

काकांचा आवाज चढला नाही. म्हणाले, "पूजेची कसली अडचण साहेब? कुंकवाने नेट बंद पडत नाही. हात लागला की पडतं. हात कुणाचा ते मी विचारत नाहीये, फक्त दार उघडा म्हणतोय." आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, किल्ली."

एरवी पोरी म्हणायचे. त्या दिवशी मॅडम म्हणाले. मी काचेतून आत बघितलं आणि मला दिसलं. तीन हिरव्या तारा, खालच्या रांगेत, स्वच्छ. किल्ली माझ्या पर्समध्ये होती, पर्स माझ्या खांद्याला होती. साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "सर, रॅक बरोबर आहे. मी सकाळीच चेक केलाय."

काकांनी पुन्हा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "हो." मग त्यांनी यंत्राची तार गुंडाळली. जाताना साहेबांना एवढंच म्हणाले, "मेश बंद करू नका. आत्ता हे तीन डबे शेजाऱ्यामुळे जिवंत आहेत. ते तोडलंत तर मरतील, आणि नाव माझ्या तारेचं होईल."

साहेबांनी माझ्या हातूनच मेश बंद करवलं. त्रिकोण गेले. त्यांच्या जागी तीन लाल फुल्या आल्या. काटा, दोन नंबरचं दार आणि शंकरचं डोकं, तिन्हीकडे पिस्तुलं मुकी झाली, गाड्या फाटकाबाहेरपर्यंत उभ्या राहिल्या. आणि साहेब विजयी मुद्रेने म्हणतात, "बघितलंस? तारेवर सोडल्याबरोबर मेले. म्हणजे तारच खराब. म्हातारा मला शिकवत होता." अगदी चोख हिशेब होता त्यांचा. त्यात फक्त माझा हात धरला नव्हता.

कपाळ माझं, तेव्हाही बोलता आलं असतं! त्याच संध्याकाळी तारा गुपचूप वर लावता आल्या असत्या. पण कंट्रोलरमध्ये वेळेची नोंद राहते आणि किल्ली एकटीकडे, या भीतीने मी तेही केलं नाही. चार दिवसांनी नवा ठेकेदार आला, त्याने तीन नव्या तारा ओढल्या. त्या रॅकमध्ये जोडायचं काम माझं. मी त्या वरच्या रांगेत जोडल्या, आणि खालच्या तिन्ही हिरव्या तारा काढून ड्रॉवरच्या तळाशी कोंबल्या. तीन हिरवे ठिपके आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी लिहिलं की जुनं काम सदोष होतं, काकांना पुन्हा काम देऊ नये. त्या कागदावर तांत्रिक तपासणी केली म्हणून सही माझी आहे. जुन्या तारा कुणी काढल्याही नाहीत. छताला तशाच राहिल्या, चिठ्ठ्यांसकट, आणि मी रोज त्यांच्याखालून डबा खायला जायची.

औद्योगिक वसाहतीत बातमी चहाच्या टपरीवरून पसरते. तीन तारा फेल गेल्या. पुढच्या कंपनीने काकांना नाही म्हटलं, त्याच्या पुढच्यानेही. माणसाची दुसरी कुठली मिळकत नव्हती. शिडी, पक्कड आणि 'काकांनी ओढलीय ना, मग बघायला नको' हे वाक्य, एवढ्यावर त्यांचं चाललं होतं. ते वाक्य मी काढून घेतलं. मी प्रोबेशनमधून कायम झाले, आईने पेढे वाटले. त्यातला एक मी खाऊ शकले नाही असं लिहायला मला आवडलं असतं. खाल्ला. चांगले दोन खाल्ले.

दीड वर्षाने मी ती नोकरी सोडली आणि एका रविवारी काकांच्या घरी गेले. काकू दारात आल्या. त्यांनी मला आत बोलावलं नाही. म्हणाल्या, "वांगणीला असतात." वांगणीला तेव्हा स्वस्तातल्या इमारती उठत होत्या, तिथे काका टीव्हीच्या केबलवाल्याकडे रोजावर लागले होते. जिन्यात शिडीवर उभे होते. मी खालून हाक मारली तर आधी आपली तार खिळ्यात नीट बसवली, मगच खाली बघितलं.

मी सगळं एका दमात सांगितलं. रडलेही. ते खाली उतरून पायरीवर बसले, फडकं काढून पक्कड पुसायला लागले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "काचेतून दिसत होतं की. हिरव्या तारा, खालची रांग. आणि त्याच तारांवर तुझ्या कुंकवाची बोटं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलेच. मला त्यांचाच राग आला होता, इतकी मी निर्लज्ज.

"मेहरबानी केली असं समजू नकोस," ते म्हणाले, आणि आवाज कडक झाला. तसा मी कधी ऐकला नव्हता. "तुझी काकू आठ दिवस माझ्यामागे लागली होती, जा आणि त्या पोरीचं नाव सांग. मी सांगितलं असतं तर साहेब म्हणाला असता, आधी पूजेवर ढकललं, आता पोरीवर ढकलतोय. माझं कोण ऐकणार होतं? तुझं ऐकलं असतं. म्हणून दोनदा विचारलं तुला. तू दोनदा खोटं बोललीस."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "मला कशाला सांगतेस? मला माहीतच आहे. ज्याला माहीत नाही त्याला जाऊन सांग." आणि परत शिडी चढले. वरून एवढंच म्हणाले, "जेवून आलीस का? समोर वडा बरा मिळतो."

मी घरी येऊन साहेबांना पत्र लिहिलं. दोन पानी, व्यवस्थित, कुठली रांग, कुठल्या तारा, सगळं. आणि ते पत्र मी नेऊन दिलं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. नव्या नोकरीत अनुभवाचा दाखला मागतील, जुन्या कंपनीत फोन करतील, मग लग्न ठरलं, मग बाळंतपण. नालायकपणाला कारणं कधी कमी पडतात का? एका दिवशी गेले तेव्हा मोरिवलीच्या फाटकाला कुलूप होतं. कंपनी दुसऱ्या राज्यात गेली होती, साहेब कुठे गेले ते वॉचमनला माहीत नव्हतं. गोडाऊनचे पत्रे उतरवले होते आणि भंगारवाले छतातल्या तारा खेचून त्यांची वेटोळी करत होते. मी त्यातली एक चिकटपट्टी शोधायला गेले, तर मला हाकललं.

काका गेले ते मला महिन्याभराने कळलं. काकूंना भेटायला गेले, या वेळी त्यांनी आत घेतलं. भिंतीवरच्या तारा एका रेषेत, खिळ्याला खिळा सारख्या अंतरावर. पक्कड फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलेली दिसली. मी तिच्याकडे बघतेय हे काकूंनी पाहिलं आणि त्यांनी कपाटाचं दार लावून घेतलं. बरोबर केलं त्यांनी.

तर परवा त्या लग्नात जिलबी मोडणारा तो माणूस म्हणाला, काम कच्चं. मी ताट खाली ठेवलं आणि सांगितलं. हळू नाही सांगितलं, आजूबाजूचे चार जण वळून बघायला लागले एवढ्या आवाजात सांगितलं. तारा चांगल्या होत्या. आठही दिवे लागले होते. मी पुसायला काढल्या आणि चुकीच्या रांगेत लावल्या, आणि काकांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले. हे तुम्ही ज्यांना ज्यांना सांगितलंत की काम कच्चं होतं, त्यांना सगळ्यांना सांगा.

तो माणूस वाईट नव्हता. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग मॅडम, तेव्हा का नाही बोललात?"

"प्रोबेशनवर होते," मी म्हटलं.

"किती राहिलं होतं?"

"दोन महिने."

त्याने माझ्याकडे बघितलं, ताट उचललं आणि हात धुवायला निघून गेला.